नऊ की पाच? एका आत्मचिंतनपर निबंधाचे प्रकरण

पदवीच्या शेवटच्या वर्षाला कवितेचा एका सत्राचा अभ्यासक्रम होता. अंतर्गत मूल्यमापनात सगळ्यात शेवटी एक आत्मचिंतनपर निबंध लिहायचा होता: ‘या अभ्यासक्रमामुळे तुमच्यात कोणता बदल झाला?’ शब्दमर्यादा सहाशे, गुण दहा. एका विद्यार्थिनीच्या निबंधाला शिकवणाऱ्या सहकाऱ्याने ९ गुण दिले. दुसरा वाचक म्हणून तीच फाईल माझ्याकडे आली आणि मी ५ दिले. एवढा फरक विभागाच्या नियमात बसत नव्हता, म्हणून आम्हाला समोरासमोर बसावे लागले. त्या बैठकीतून आणि नंतरच्या आठवड्यात जे निघाले ते मूळ निबंधापेक्षा कितीतरी रंजक होते. साहित्य शिकून नेमके काय शिकले जाते, आणि शिकणाऱ्यालाच ते कसे दिसत नाही, याचे इतके स्पष्ट उदाहरण सहसा हाती लागत नाही. विद्यार्थिनीच्या संमतीने हे प्रकरण लिहीत आहे. तिची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

फाईलमधले चार कागद

या अभ्यासक्रमात प्रत्येकाची एक फाईल असते आणि सत्र संपेपर्यंत तिच्यात चार कागद जमा होतात.

पहिला कागद पहिल्याच तासाचा. विद्यार्थ्यांना आठ ओळींची एक कविता दिली जाते. वर शीर्षक नाही, खाली कवीचे नाव नाही. पंधरा मिनिटे वाचा आणि जे वाटेल ते लिहा. गुण नाहीत, चर्चाही नाही. कागद पाकिटात बंद करून फाईलला लावला जातो. युक्ती जुनी आहे आणि ती इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांची आहे. केंब्रिजमध्ये १९२०च्या दशकात त्यांनी विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता दिल्या, लेखी प्रतिक्रिया गोळा केल्या आणि तेरा कवितांवरच्या त्या प्रतिक्रियांची चिरफाड १९२९ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. नाव काढून घेतले की साहित्याचे विद्यार्थीही किती चाचपडतात हे त्यांतून दिसले. वाचकाच्या अडचणींची जी दहा कलमे त्यांनी मांडली, त्यांत पहिलीच अडचण होती कवितेचा सरळ अर्थ न लागणे. भावना, सौंदर्य वगैरे गोष्टी त्यानंतर.

आमच्या वर्गाला दिलेली कविता होती बालकवींची ‘औदुंबर’. बालकवी (१८९०-१९१८) माहीत नसलेला मराठीचा विद्यार्थी विरळाच, आणि शीर्षक झाकले तरी कवितेचा शेवटचा शब्द तोच आहे. त्यामुळे वर्गातल्या काहींनी ती लगेच ओळखली. हिने ओळखली नव्हती. तिचा कागद असा आहे. शुद्धलेखन सोडून त्यात काही बदललेले नाही:

“सुरुवातीला छान वाटतं, सगळं हिरवं आहे, झरा आहे. मग ती पांढरी वाट काळ्या डोहाकडे जाते तिथे मला नको वाटलं. गाव आहे, शेतं आहेत, पण माणूस एकही नाही. मग ही वाट पाडली कोणी? शेवटी झाड पाण्यात पाय टाकून बसलंय. ते मजेत बसलंय की त्याला काहीच नकोसं झालंय, कळत नाही. शेवट वाचून शांत वाटायला हवं होतं बहुतेक, पण मला नाही वाटलं.”

दुसरा कागद सत्राच्या मध्यावर झालेल्या चाचणीचा. तोवर कवीचे नाव, कालखंड, समकालीन कवी, सगळे शिकवून झाले होते. त्याच कवितेचे रसग्रहण विचारले होते आणि हिने लिहिले:

“बालकवी हे मराठीतील श्रेष्ठ निसर्गकवी होत. प्रस्तुत कवितेत त्यांनी निसर्गाचे मनोहारी शब्दचित्र रेखाटले असून विविध रंगच्छटांची मुक्त उधळण केली आहे. औदुंबर हा ऐहिक जगापासून अलिप्त असलेल्या ध्यानस्थ योग्याचे प्रतीक आहे. कवितेतून निसर्ग व मानव यांचे अतूट नाते प्रत्ययास येते.”

उत्तर असे दीड पान चालते. वीसपैकी १५ गुण. यातले बहुतेक सगळे कुठेतरी छापलेले सापडेल आणि फारसे काही चूकही म्हणता येणार नाही. फक्त ‘मानव’ या कवितेत कुठे दिसतो, हा प्रश्न जिने पहिल्याच दिवशी विचारला होता, तिनेच आता निसर्ग आणि मानव यांचे अतूट नाते लिहून टाकले होते. काळा डोह उत्तरात एकदाच येतो, ‘गूढरम्य’ हे विशेषण लेवून. नको वाटण्याचा मागमूस नाही.

तिसरा कागद सत्राच्या उत्तरार्धातला. सहकाऱ्याने वर्गापुढे शेवटच्या दोन ओळींची (‘झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर / पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर’) दोन परस्परविरोधी वाचने ठेवली. एकात झाड समाधिस्थ आहे, दुसऱ्यात विषण्ण. सोबत त्याच कवीची ‘पारवा’ वाचायला दिली, म्हणजे ‘फुलराणी’ आणि ‘आनंदी आनंद गडे’ यांवरून चिकटलेले लेबल जरा सैल व्हावे. बाजू कोणतीही घ्या, पण ओळीवर बोट ठेवून सांगा, एवढीच अट.

हिने दुसरी बाजू घेतली आणि एक तक्ता आखला: ओळ, रंग, क्रियापद. पहिल्या चार ओळींत हिरवा दोनदा, निळासावळा एकदा. पाचव्या ओळीत पांढरी वाट. सहाव्या ओळीत हिरवे कुरण आणि काळा डोह एकाच वाक्यात. सातवीत काळिमा तेवढा उरतो आणि आठवीत रंगच नाही. क्रियापदांचेही तेच: झरा वाहतो, वाट चालते, काळिमा पसरतो आणि शेवटी झाड बसते. तिचे म्हणणे असे की कविता रुंद देखाव्यातून अरुंद जागेकडे, हालचालीकडून थांबण्याकडे आणि रंगांकडून रंगहीनतेकडे जाते. हे समाधान नाही, ही विझत जाण्याची क्रिया आहे.

इथवर चांगला, पण अपेक्षित असा युक्तिवाद होता. या फाईलमधला माझ्या मते सर्वांत मोलाचा परिच्छेद त्यानंतर येतो:

“पण सातव्या ओळीतल्या ‘गोड’चं मी काय करू? काळिमा नुसता काळिमा नाही, गोड काळिमा आहे. कोणी म्हणेल की गोड हे जळाला लावा, गोडं पाणी. तसं लावलं तर माझी अडचण सुटते. पण मात्रा मोजल्या तर ‘झाकळुनी जळ’ आठ, ‘गोड काळिमा’ आठ, ‘पसरी लाटांवर’ दहा. पुढच्या ओळीतही ‘पाय टाकुनी’ आठ, ‘जळात बसला’ आठ. म्हणजे थांबा ‘जळ’नंतर आहे आणि गोड काळिम्याबरोबरच राहतं. मला हा शब्द नको होता. पण तो आहे, म्हणून माझं वाचन अर्धंच बरोबर आहे.”

मात्रा बरोबर मोजल्या आहेत; हवे तर पडताळून पाहा. छंदाचा घटक हा या अभ्यासक्रमातला सर्वांत कंटाळवाणा म्हणून प्रसिद्ध. तो मुले पाठ करतात, परीक्षेत लघु-गुरूची चिन्हे काढतात आणि विसरतात. इथे एका मुलीने तो स्वतःच्याच मताविरुद्ध साक्षीदार म्हणून उभा केला होता. आणि जी अडचण तिने सोडवायला घेतली ती रिचर्ड्सच्या यादीतली पहिलीच: विशेषण कोणाचे, म्हणजे ओळीचा सरळ अर्थ काय.

चौथा कागद म्हणजे तो निबंध.

“या अभ्यासक्रमाने माझा जीवनाकडे पाहण्याचा दृष्टिकोनच बदलून टाकला. पहिल्या तासाला ‘औदुंबर’ वाचली तेव्हा मला ती अजिबात कळली नव्हती. कविता म्हणजे फक्त यमक असं मला वाटायचं. हळूहळू शब्दांमागच्या भावना उलगडत गेल्या. आज मी एक संवेदनशील वाचक, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एक संवेदनशील माणूस झाले आहे. आता वाटेत झाड दिसलं की मी क्षणभर थांबते.”

तिसऱ्या कागदाचा उल्लेख नाही. मात्रांचा नाही, ‘गोड’चा नाही, तक्त्याचा नाही.

बैठक

सहकाऱ्याने निबंध सुटा वाचला होता. गठ्ठ्यातले निबंध एकामागून एक वाचताना हा उठून दिसणे साहजिक होते: भाषा प्रवाही, मन मोकळे, कुठे उचलेगिरी नाही. मी मात्र फाईल पहिल्या कागदापासून वाचत आलो होतो, पाकीटही उघडले होते. गुणांमधला फरक मुख्यतः तिथून आला.

माझा आक्षेप सोपा होता. एका तासालाही न बसलेल्या मुलीला हा निबंध लिहिता आला असता. त्यात तपासून पाहता येईल असे एकच विधान आहे, ‘अजिबात कळली नव्हती’, आणि ते पाकिटातल्या कागदाने खोटे ठरते.

सहकाऱ्याचे उत्तरही तेवढेच सरळ होते. “वीस-एकवीस वर्षांची मुलगी म्हणते की झाड दिसलं की मी थांबते. त्याला तुम्ही पुरावा मागणार?” त्याने संस्कृत काव्यशास्त्रातल्या अभिनवगुप्ताची सहृदयाची व्याख्या काढली: वर्णिलेल्या गोष्टीशी तन्मय होण्याची योग्यता ज्यांच्यात येते ते सहृदय. साहित्याच्या वर्गाने हीच योग्यता द्यायची असते, आणि मुलगी ती आली असे सांगते आहे.

व्याख्या त्याने अर्धीच सांगितली असे मला वाटले, आणि बैठकीत मी तसे म्हटलेही. अभिनवगुप्ताच्या वाक्यात तन्मय होण्याच्या आधी काव्यानुशीलनाचा अभ्यास आहे. त्या अभ्यासाने मनाचा आरसा स्वच्छ होतो आणि मग ती योग्यता येते. म्हणजे सहृदयता ही हजार वर्षांपूर्वीच्या त्या काश्मिरी आचार्याच्या मते सरावाने घडणारी गोष्ट आहे. मग सरावात काय घडले हे विचारणे भावनेचा अपमान कसा? सहकारी हसला आणि म्हणाला की आरसा स्वच्छ झाला का हे कागद उघडून कळत नाही. या मुद्द्यावर आमचे आजही एकमत नाही.

एका गोष्टीवर मात्र पटकन एकमत झाले. मुलगी खोटे बोललेली नव्हती.

आठवण मागे जाऊन दुरुस्ती करते

आपण सुधारलो असे मनाने घेतले की जुने दिवस होते त्याहून वाईट आठवतात. मायकेल कॉनवे आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे तंतोतंत लागू पडतो. अभ्यासकौशल्यांच्या एका कार्यक्रमाआधी त्यांनी विद्यार्थ्यांकडून स्वतःच्या कौशल्यांचे मूल्यमापन लिहून घेतले. काहींना कार्यक्रमात घेतले, काहींना प्रतीक्षायादीवर ठेवले. नंतर, सुरुवातीला तुम्ही काय लिहिले होते ते आठवून सांगा, असे विचारले. कार्यक्रमाला बसलेल्यांना आपली सुरुवातीची स्थिती प्रत्यक्ष लिहिली होती त्याहून वाईट आठवली. प्रतीक्षायादीवरच्यांचे तसे झाले नाही. परीक्षेतल्या गुणांवर कार्यक्रमाचा काही परिणाम दिसला नाही, सुधारणा झाल्याची खात्री मात्र झाली.

सत्राच्या शेवटी लिहिलेल्या आत्मचिंतनांत हा सूर इतका नेहमीचा आहे की आम्ही शिक्षक तो ऐकायचेच सोडून दिले आहे. पूर्वी अंधार, आता उजेड. संतांच्या चरित्रांपासून यशोगाथांपर्यंत हा घाट आपल्या कानात बसलेला आहे आणि विद्यार्थी तो विनासायास उचलतात. या मुलीच्या बाबतीत प्रत्यक्षात घडलेली गोष्ट निराळ्या आकाराची होती. सुरुवातीला ती बरेच पाहत होती. मध्ये अभ्यासक्रमाने, की अभ्यासक्रमाभोवतीच्या गाईडांनी, ते पाहणे झाकले. नंतर ते परत आले, पण या वेळी हातात मोजमाप घेऊन. निबंधाच्या सरळ चढत्या रेषेत मधला खड्डा बसत नव्हता आणि सुरुवातीची उंचीही बसत नव्हती, म्हणून दोन्ही गेले.

मधल्या खड्ड्याबद्दल थोडे. चाचणीतल्या उत्तराची टर उडवणे सोपे आहे आणि साहित्याच्या प्राध्यापकांचा तो आवडता उद्योग आहे. पण तिसरा कागद पुन्हा वाचा. त्यातली ‘प्रतिमा’, ‘लय’, ‘विरोध’ ही भाषा चाचणीच्या तयारीतूनच आलेली आहे. पहिल्या दिवशी तिला ‘नको वाटलं’ एवढेच म्हणता येत होते. ते कुठल्या ओळीत वाटले हे ठाऊक होते, पण कशामुळे हे सांगायला साधन नव्हते. चाचणीच्या वेळी साधने आली आणि पाहणे गेले. दोन्ही एका जागी यायला अजून काही आठवडे आणि एक विरोधाचा प्रश्न लागला. चाचणीला बसवले नसते तर तिसरा कागद लिहिला गेला असता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

पाकीट तिच्यासमोर

विद्यार्थिनीला बोलावले ते जाब विचारायला नव्हे. चारही कागद ओळीने समोर ठेवले आणि सांगितले की यामुळे गुण कमी होणार नाहीत. इच्छा असेल तर हे वाचून एक पान नव्याने लिही. पहिला कागद वाचून ती आधी हसली. मग म्हणाली, “सर, हे मी लिहिलंय?” सहकाऱ्याकडे बघत म्हणाली, त्याला जरा बरे वाटले असावे.

नवे पान चार दिवसांनी आले. त्यातला मुख्य भाग:

“मी लिहिलं होतं की पहिल्या दिवशी मला काही कळलं नव्हतं. कागद बघितला तर बरंच दिसलं होतं. पण त्याला कळणं म्हणतात हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, कळणं म्हणजे उत्तरात लिहितात तसं. कवितेत माणूस नाही ही गोष्ट मी चाचणीत लिहिली नाही, कारण ती मी कुठे वाचली नव्हती. माझीच होती म्हणून ती चुकीची असणार असं धरून चालले. ... मात्रा मोजायचा मला कंटाळा यायचा, अजूनही येतो. पण ‘गोड’ कुठे जोडायचं ते मात्रांनी ठरवलं, माझ्या मूडने नाही. आणि ठरलं ते माझ्याविरुद्ध. त्याचा राग आला होता, पण मजापण आली होती. ही मजा मी निबंधात लिहिली नाही, कारण ती जीवनाशी संबंधित वाटली नाही. ... झाडाजवळ थांबते असं लिहिलं होतं ते तितकंसं खरं नाही. एकदा थांबले होते.”

पहिल्या निबंधात आणि या पानात काय बदलले हे पाहण्यासारखे आहे. शैली उलट थोडी खडबडीत झाली आहे. आधीच्या निबंधात ‘मी’ सतत उलगडत, फुलत, बदलत होती; इथे ती एखादी गोष्ट करते किंवा करत नाही. लिहिली नाही, धरून चालले, कंटाळा यायचा, राग आला. क्रियापदांना प्रसंग चिकटला आहे. आणि शिकण्याचे म्हणून जे सांगितले आहे ते लहान आहे: स्वतःला दिसलेले पुस्तकात नसले तरी टाकायचे नाही, आणि ते खरे का हे तपासायला आपल्या मनःस्थितीखेरीज काहीतरी लागते. साहित्याच्या अभ्यासक्रमाने एका सत्रात एवढे दिले तर तो अभ्यासक्रम चालला असे मी म्हणेन.

कंटाळा अजूनही येतो, या वाक्याला मी मनातल्या मनात एक गुण वाढवला. ‘प्रामाणिकपणा’ असा निकष गुणदानाच्या तक्त्यात होता, तीन गुणांचा. तो कसा मोजायचा हे कोणीच लिहिलेले नव्हते.

प्रश्नाने काय मागितले होते

निबंध तसा का झाला याचे निम्मे उत्तर प्रश्नपत्रिकेत आहे. ‘तुमच्यात कोणता बदल झाला?’ या प्रश्नात बदल झाला हे गृहीतच आहे. झाला का, कशात झाला, कुठे झाला नाही, याला जागा नाही. उरलेल्या सातांपैकी चार गुण ‘जीवनदृष्टीतील बदल’ याला होते आणि तीन भाषा व मांडणीला. चार गुण जीवनदृष्टीला असतील तर कोण शहाणी मुलगी मात्रांबद्दल लिहील?

तो प्रश्न तसा का होता याचाही माग काढता येतो. अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला छापलेल्या फलितांमध्ये, म्हणजे अभ्यासक्रमातून काय साध्य व्हावे याच्या यादीत, एक ओळ होती: विद्यार्थी साहित्याच्या वाचनातून संवेदनशील होतील. फलिते लिहिण्याची ही पद्धत ज्या परंपरेतून आली तिच्यात शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बौद्धिक उद्दिष्टांची उतरंड मांडली आणि भावनिक उद्दिष्टांचा खंड १९६४ मध्ये आला. बौद्धिक उद्दिष्ट तपासायला प्रश्न काढता येतो. भावनिक उद्दिष्ट तपासायचे तर सोपा मार्ग म्हणजे विद्यार्थ्यालाच विचारणे. मग फलितातले वाक्य प्रश्नात उतरते, प्रश्नातले निबंधात उतरते आणि तो निबंध फलित साध्य झाल्याचा पुरावा म्हणून फाईलला लागतो. या चक्रात ‘औदुंबर’ वाचली गेली नसती तरी काही अडले नसते.

आत्मचिंतनाचे तयार साचेही बरेच आहेत. ग्रॅहम गिब्ज यांचे १९८८ मधले सहा टप्प्यांचे चक्र (वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती) परिचारिकांच्या प्रशिक्षणात फार वापरले जाते आणि तिथे ते शोभते, कारण चिंतन एखाद्या घडलेल्या प्रसंगावर असते. आमच्या प्रश्नात प्रसंगच नव्हता, सबंध सत्र होते. सबंध सत्रावर चिंतन करायला सांगितले की माणूस भाषणच करणार. तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई चिंतनाची सुरुवात अडखळण्यात पाहतात. पुढे कसे जायचे ते कळेनासे झाले की विचार सुरू होतो. तिसऱ्या कागदावर ही मुलगी ‘गोड’पाशी अडखळली होती, आणि तिचे खरे आत्मचिंतन तिथेच, सत्र संपायच्या आधी, कोणी गुण न ठेवता लिहून झाले होते. चौथ्या कागदाची गरज मुळात किती होती, हा प्रश्न मी बैठकीत विचारला नाही, कारण तो कागद अभ्यासक्रमातच ठरवून दिलेला होता.

सहकाऱ्याच्या हरकती

नव्या पानाचे मी फार कौतुक करतो आहे असे सहकाऱ्याचे म्हणणे होते आणि त्याच्या दोन हरकती इथे नोंदवल्याच पाहिजेत.

पहिली अशी की दुसरे लेखनही तेवढेच वाचणाऱ्यासाठी केलेले नाटक असू शकते. मुलगी हुशार आहे. पहिल्या वेळी बदल मागितला, तिने बदल दिला. दुसऱ्या वेळी कागद समोर ठेवून पुरावा मागितला, तिने पुरावा दिला. खडबडीत भाषाही तिने त्या वाचकाला ओळखून वापरली नसेल कशावरून? याला माझे उत्तर एवढेच की नव्या पानातली विधाने पडताळता येतात. माणूस नाही हे तिने चाचणीत खरेच लिहिले नव्हते. मात्रा खरेच मोजल्या होत्या. तिच्या मनात काय होते ते मला आताही कळत नाही. पण कागदावर काय घडले ते कळते, आणि गुण कागदाला द्यायचे असतात. सहकाऱ्याला हे उत्तर कोरडे वाटले. आहेच ते कोरडे.

दुसरी हरकत जास्त वजनाची आहे. वाचनाचा परिणाम सत्राच्या वेळापत्रकाने होत नाही. साहित्यवाचनाच्या अभ्यासक लुईझ रोझेनब्लॅट यांनी १९३८ पासून मांडले की कृतीचा अर्थ वाचक आणि संहिता यांच्या देवघेवीत घडतो, आणि वाचक तर बदलत राहणार. आज पाठ केलेली ओळ दहा वर्षांनी एखाद्या संध्याकाळी उलगडेल. ओळीवर बोट ठेवा, कागद दाखवा, असा आग्रह धरला तर ज्यांच्या आत काहीतरी पेरले गेले आहे पण उगवलेले नाही त्यांना आपण नापास करतो. खरे आहे. माझे म्हणणे फक्त असे की मग त्या पेरणीला आज गुणही देऊ नयेत. न उगवलेल्याला ९ देणे हाही अन्यायच, ज्यांचे उगवले त्यांच्यावर.

निकाल आणि नंतर

शेवटी ८ गुण ठरले. सहकारी एक पायरी उतरला, मी तीन चढलो. नियमाप्रमाणे गुण मूळ निबंधालाच देता येत होते, नव्या पानाला नाही. म्हणजे कागदोपत्री आम्ही दोघांनी ‘संवेदनशील माणूस’ या निबंधालाच ८ दिले. चाचणीतले १५ तसेच राहिले. ते कमी करायची कोणाची इच्छा नव्हती आणि गरजही नव्हती, पण एक गोष्ट लपत नाही: या फाईलमधल्या चार कागदांपैकी जिथे वाचन सर्वांत कमी आहे त्या कागदाला व्यवस्थेने सहज पंचाहत्तर टक्के दिले, आणि जिथे ते सर्वांत जास्त आहे तो तिसरा कागद ‘वर्गकार्य, पूर्ण’ अशा शेऱ्यावर बंद झाला.

पुढच्या तुकडीसाठी प्रश्न बदलला. आता निबंधाआधी पाकीट परत दिले जाते. विचारायचे एवढेच: पहिल्या वाचनातली तुमची कोणती गोष्ट टिकली, कोणती सोडावी लागली आणि कोणत्या ओळीने सोडायला लावली? शब्दमर्यादा सहाशेवरून तीनशेवर आणली. जीवनदृष्टीचे चार गुण गेले. प्रामाणिकपणाचे तीनही गेले, यावर विभागात बरीच कुजबुज झाली.

निबंध आता कमी वाचनीय झाले आहेत, हे कबूल करायला हवे. गठ्ठा वाचताना डोळे पाणावत नाहीत. काही विद्यार्थी ‘माझे काहीच सोडावे लागले नाही’ असे लिहून मोकळे होतात, आणि त्यांतल्या एकाने ते ओळीओळीने इतके पटवून दिले की त्याला पूर्ण गुण द्यावे लागले. कविता आधीच ओळखीची असणाऱ्यांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. त्यांचा पहिला कागद म्हणजे शाळेत शिकवलेल्या धड्याची आठवण असते, वाचन नव्हे. म्हणून ‘औदुंबर’ काढून कमी परिचित कविता शोधणे सुरू आहे. सहकाऱ्याला ते पटलेले नाही. ज्या कवितेवर सगळ्यांचे मत आधीच ठरलेले असते तिच्यावरच मत बदलणे दिसते, असे तो म्हणतो, आणि या प्रकरणाचा पुरावा त्याच्या बाजूने आहे.

हीच पद्धत कथा-कादंबरीच्या अभ्यासक्रमात आणायची तर आणखी एक अडचण आहे. कादंबरी पंधरा मिनिटांत वाचून होत नाही आणि पहिल्या परिच्छेदावरचे टिपण म्हणजे कादंबरीचे वाचन नव्हे. तिथे प्रत्येक प्रकरण संपल्यावर दोन ओळी लिहून त्या बंद करायच्या, असे ठरते आहे. त्या ओळी मुले घरी लिहिणार असल्याने त्या सगळ्या फाईल जमा करण्याच्या आदल्या रात्री एकदम लिहिल्या जाणार नाहीत याची हमी कशी घ्यायची, यावर पुढची बैठक आहे.